केएम प्लॉटर आणि गेपिया : जठराच्या कर्करोगात एखादे जनुक काय करते हे पाहण्याची दोन मोफत साधने

जठराच्या कर्करोगाची वाढ एखादे जनुक रोखते का, हा प्रश्न बायोटेक किंवा ऑन्कोलॉजीच्या विद्यार्थ्यापुढे आला की पहिली धाव हमखास दोन संकेतस्थळांकडे जाते. एक बुडापेस्टच्या बलाझ ग्योर्फी यांच्या गटाचे केएम प्लॉटर (केएम म्हणजे काप्लान-मायर, रुग्ण किती काळ जगले ते दाखवणारा आलेख), दुसरे पेकिंग विद्यापीठाचे गेपिया. अभ्यासासाठी दोन्ही मोफत आहेत, दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात आणि एक ओळही कोड लिहावा लागत नाही. जनुकाचे नाव टाकायचे, बटण दाबायचे, अर्ध्या मिनिटात आलेख हातात. या सोयीला आमच्याकडून पूर्ण गुण. मात्र या सोयीमुळेच चुकीचा निष्कर्षही अर्ध्या मिनिटात हाती येतो. म्हणून हे परीक्षण साधनांच्या दिसण्यापेक्षा त्यांच्या सेटिंगांबद्दल अधिक आहे.

उदाहरणासाठी रंक्स-३ हे जनुक घेऊ, कारण जठराच्या संदर्भात त्याच्याइतकी चर्चा फार थोड्या जनुकांची झाली असेल. योशिआकी इतो यांच्या गटाने २००२ साली दाखवले की जठराच्या ४५ ते ६० टक्के कर्करोगांत रंक्स-३ जवळपास गप्प असते. कधी त्याची एक प्रत गळालेली असते, तर कधी प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावर, मिथाइल नावाचे रासायनिक गट बसून ते बंद पडलेले असते. ज्या उंदरांत हे जनुक काढून टाकले, त्यांच्या जठराचे अस्तर प्रमाणाबाहेर वाढले आणि टीजीएफ-बीटा या संकेत-प्रथिनाच्या ‘थांबा’ या संदेशाला पेशी नीट प्रतिसाद देईनाशा झाल्या. कार्यपद्धतीही बरीच उलगडली आहे. रंक्स-३ हे त्याच संदेशाची वाहक असलेल्या स्मॅड प्रथिनांच्या जोडीने पी-२१ जनुक चालू करते आणि पेशीचक्र थबकते. बिम हे जनुकही रंक्स-३ मुळे चालू होते, आणि ते चालू झाले की पेशी स्वतःहून मरते. म्हणजे हे जनुक सक्रिय असेल तर गाठीची वाढ मंदावायला हवी. हे संकेतस्थळांवर दिसते का?

केएम प्लॉटर

जठराचा विभाग २०१६ साली १,०६५ रुग्णांच्या माहितीवर उभा राहिला. माहिती अफिमेट्रिक्स चिपची, म्हणजे एकाच वेळी हजारो जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या चकतीची आहे. एमएएस-५ या गणिती पद्धतीने प्रक्रिया करून प्रत्येक चिपची सरासरी १,००० वर आणलेली आहे. पुढचे अर्धे गोंधळ इथूनच सुरू होतात, म्हणून हे आधी लक्षात ठेवावे.

जनुकाचे नाव टाकले की प्रोबची, म्हणजे चिपवर ते जनुक मोजणाऱ्या डीएनए-तुकड्यांची, यादी येते. रंक्स-३ साठी २०४१९७_एस_एटी आणि २०४१९८_एस_एटी असे दोन प्रोब आहेत. ‘जेटसेट’ या प्रोबना गुण देणाऱ्या पद्धतीने निवडलेला प्रोब आधी घ्यावा, पण दुसराही चालवून पाहावा. दोघे उलट दिशेला गेले तर तिथेच थांबावे, निष्कर्ष काढू नये. निकालाच्या पानावर प्रोबच्या मूल्यांची व्याप्ती लिहिलेली असते. आलेखाच्या ओढीने ती ओळ बहुतेकजण सोडून देतात. सगळी मूल्ये शंभरीच्या आतबाहेर घुटमळत असतील तर तो प्रोब मुख्यतः चिपची पार्श्वभूमी मोजतो आहे असे समजावे. तिथून निघालेला पी-मूल्याचा (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता सांगणारा) आकडा कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही.

यानंतर रुग्णसंख्या पाहावी. एकूण आयुर्मानाच्या विश्लेषणात ८७६ आणि ६३१ हे दोन आकडे निबंधांमध्ये सारखे दिसतात. फरकाचे कारण चिपमध्ये आहे. काही डेटासेट जुन्या यू१३३ए घराण्याच्या चिपवर केलेले आहेत, आणि फक्त यू१३३ प्लस २ वर असलेले प्रोब त्या रुग्णांत मोजलेलेच नाहीत. त्यामुळे दोन जनुकांची तुलना करताना एकाचे ८७६ रुग्ण आणि दुसऱ्याचे ६३१ असतील, तर आपण रुग्णांचे दोन वेगळे समूह शेजारी ठेवले आहेत हे स्पष्ट लिहायला हवे.

आता या साधनातली सगळ्यात मोहक आणि सगळ्यात घातक खिडकी : ‘ऑटो सिलेक्ट बेस्ट कटऑफ’. कटऑफ म्हणजे ‘जनुक जास्त’ आणि ‘जनुक कमी’ या रुग्णांच्या दोन गटांमधली सीमारेषा. ही निवडली की साधन खालच्या आणि वरच्या चतुर्थकांमधली प्रत्येक सीमारेषा तपासते आणि जिथे दोन गटांतला फरक सर्वांत ठळक येईल ती रेषा घेते. शेकडो रेषांतून सर्वांत चांगली निवडली तर काहीतरी ठळक निघणारच. अशा निवडीने पाच टक्के समजलेला खोट्या निकालाचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो, असा इशारा संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ सालीच दिला होता. केएम प्लॉटरच्या कर्त्यांनी ही गोष्ट लपवलेली नाही. निकालासोबत एफडीआर (खोट्या निकालांचे अपेक्षित प्रमाण) देतात आणि प्रत्येक कटऑफला पी-मूल्य किती आले त्याचा आलेखही देतात. हा प्रामाणिकपणा आम्हाला मनापासून आवडला. तो आलेख नक्की उघडावा. पी-मूल्य एका रुंद पट्ट्यात सलग कमी असेल तर संबंध खरा असण्याची शक्यता बरी. एखाद्याच टोकाला खोल खळगा आणि आजूबाजूला सपाट असेल तर तो योगायोग समजावा. आमचा आग्रह असा : मुख्य निकाल मध्यकावर, म्हणजे मधल्या मूल्यावर रुग्णांचे दोन समान गट पाडून, द्यावा आणि ‘बेस्ट कटऑफ’ फक्त जोडीला दाखवावा.

दुसरा सापळा डेटासेटांच्या मिश्रणाचा. जीएसई६२२५४ हा कोरियातल्या ३०० रुग्णांचा आशियाई कर्करोग संशोधन गटाचा संच आहे. त्यातले रुग्ण बाकीच्यांपेक्षा जास्त काळ जगलेले आहेत आणि त्यातली जनुक-मूल्येही प्रक्रियेनंतर वेगळ्या पातळीवर बसतात. तो बाकीच्यांत मिसळला तर काय होते पाहा. ज्या जनुकाची पातळी या संचात केवळ तांत्रिक कारणाने वर आहे, ते ‘आयुष्य वाढवणारे’ दिसते. ज्याची पातळी खाली आहे, ते ‘मारक’ दिसते. जनुकाचा काही संबंध नसतानाही असे होते. संकेतस्थळ स्वतः याबद्दल सावध करते, तरी सगळे संच एकत्र ठेवलेले निबंध निघतच असतात. दुसऱ्या टोकाला जीएसई१४२१० आहे. यातले रुग्ण आजार शरीरभर पसरल्यानंतर सिस्प्लॅटिन आणि फ्लुरोयुरासिल ही केमोथेरपीची औषधे घेणारे, नमुना एंडोस्कोपीच्या बायोप्सीचा. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या शेजारी हे रुग्ण ठेवले की आयुर्मानातला फरक आजाराच्या टप्प्याचा असतो आणि श्रेय जनुकाला जाते.

उपाय सोपा आहे, वेळ फक्त दहा मिनिटे जास्त लागतो. डेटासेटच्या खिडकीत आधी एकटा जीएसई६२२५४ निवडून मध्यकावर आलेख काढावा. मग एकटा जीएसई१५४५९, म्हणजे सिंगापूरचा संच, त्याच सेटिंगवर. मग गेपियात टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-जनुक प्रकल्पाच्या रुग्णांवर, तोही मध्यकावर. तिन्ही ठिकाणी हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या मृत्यूच्या जोखमीचे गुणोत्तर) एकच्या एकाच बाजूला पडला तर पुढे बोलावे. एकात ०.७ आणि दुसऱ्यात १.३ आला तर एकत्रित निकाल कितीही सुरेख असला तरी तो मिश्रणातून आलेला आहे.

टप्पा, लॉरेन प्रकार (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेवरून ठरलेला), लिंग, उपचार, हर-२ प्रथिन अशा चाळण्या उपलब्ध आहेत. लॉरेनची चाळणी जरूर लावावी, कारण आतड्यासारखा आणि पसरट हे दोन्ही आजार जवळजवळ वेगळे आहेत. पण तीन चाळण्या एकदम लावल्या की रुग्ण पन्नासच्या खाली येतात आणि दोन-चार मृत्यूंनी आलेख इकडचा तिकडे होतो. आलेखाखाली ‘नंबर अॅट रिस्क’ची, म्हणजे त्या महिन्यात पाठपुराव्यात उरलेल्या रुग्णांची, ओळ असते. ज्या महिन्यानंतर तिथला आकडा दहाच्या खाली जातो, तिथून पुढची रेषा पाहूच नये. पाठपुराव्याची मर्यादा ६० महिन्यांवर ठेवलेली बरी. दोन रेषा एकमेकींना छेदत असतील तर हॅझार्ड रेशोचा एकच आकडा देण्यात अर्थ नाही. प्रमाणबद्ध जोखमीचे (दोन गटांतल्या जोखमीचे गुणोत्तर कायम सारखे राहते हे) गृहीतक तपासायचा पर्याय साधनातच आहे, तो चालू करावा.

गेपिया

गेपिया २०१७ साली आले, त्याची दुसरी आवृत्ती २०१९ साली. केएम प्लॉटर आयुर्मान दाखवण्यात तरबेज, तर गेपियाची खरी ताकद गाठ आणि निरोगी ऊतक यांची तुलना. माहिती चिपची नसून आरएनए-सिक्वेन्सिंगची, म्हणजे आरएनए थेट वाचून मोजलेली आहे. जठरासाठी एसटीएडी (स्टमक अॅडेनोकार्सिनोमा) हा संक्षेप निवडायचा. चौकटी-आलेखात खाली संख्या येते : गाठी ४०८, निरोगी २११.

या २११ कडे नीट पाहावे. यातले टीसीजीएमधले, म्हणजे रुग्णाच्याच गाठीजवळचे ऊतक, जेमतेम ३६ आहेत. उरलेले १७५ जीटेक्स प्रकल्पातले, म्हणजे मृत दात्यांच्या जठरातून घेतलेले. दोन्ही प्रकल्पांची माहिती एकाच संगणकीय प्रक्रियेतून काढलेली आहे, हे चांगलेच. पण मृत्यूनंतर नमुना किती वेळाने घेतला आणि त्यात श्लेष्मल अस्तरासोबत स्नायूचा थर किती आला, हे फरक संगणकाने पुसले जात नाहीत. म्हणून ‘मॅच्ड नॉर्मल डेटा’च्या खिडकीत दोन्ही पर्याय चालवावेत : एकदा फक्त टीसीजीए, एकदा टीसीजीए आणि जीटेक्स मिळून. फरक फक्त दुसऱ्यातच दिसत असेल तर तो ऊतकाच्या घटकांचा असण्याची शक्यता मोठी.

मूळ सेटिंगमध्ये लॉग-२ पटीचा फरक १ (म्हणजे दुप्पट) आणि पी-मूल्य ०.०१ असते. एवढ्या नमुन्यांत पी-मूल्य सहज खाली जाते. खरी अट पटीच्या फरकाची आहे आणि ती सैल करून ‘अर्थपूर्ण’ फरकाचा तांबडा तारा मिळवण्यात अर्थ नाही. टप्प्यानुसार आलेखात एफ-चाचणीचा आकडा येतो. तो चारही टप्प्यांत कुठेतरी फरक आहे एवढेच सांगतो. पातळी टप्प्यागणिक उतरत गेली असा त्याचा अर्थ होत नाही, तरी अहवालांत तसाच लावलेला दिसतो.

आता रंक्स-३ कडे परत येऊ, कारण गेपियाची मर्यादा इथे लखलखीत दिसते. रंक्स-३ हे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींमध्ये (लिम्फोसाइटचा एक प्रकार), विशेषतः सीडी-८ प्रकारात, भरपूर सक्रिय असते. गाठीचा तुकडा वाटून आरएनए काढला की कर्कपेशी, लिम्फोसाइट, तंतुपेशी सगळ्यांचा आरएनए एकत्र येतो. गाठीत लिम्फोसाइट जास्त शिरले असतील तर रंक्स-३ ‘वाढलेले’ दिसेल, मग कर्कपेशीत ते पूर्ण गप्प का असेना. शिवाय जास्त लिम्फोसाइट असलेल्या रुग्णाचे आयुर्मान चांगले निघाले तर श्रेय प्रतिकारशक्तीचे असेल आणि आपण लिहू की रंक्स-३ ने गाठ रोखली. हा वाद केवळ साधनांपुरता नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०११ साली निरोगी जठराच्या अस्तरात रंक्स-३ व्यक्तच होत नाही असा दावा केला आणि त्याच्या कर्करोग-रोधक भूमिकेवरच प्रश्न उभा केला. इतो यांच्या बाजूने प्रतिपिंडांच्या गुणवत्तेवर बोट ठेवले गेले. कोणत्या पेशीत मोजले, हा या वादाचा गाभा आहे आणि वाटलेल्या ऊतकाचे साधन त्याचे उत्तर देऊच शकत नाही.

तरी गेपियातच एक स्वस्त तपासणी करता येते. ‘कोरिलेशन’च्या पानावर आपले जनुक सीडी-८-ए आणि पीटीपीआरसी या प्रतिकार-पेशींची खूण असलेल्या दोन जनुकांसमोर ठेवावे, ऊतक एसटीएडी गाठ, पद्धत स्पिअरमन. संबंध घट्ट निघाला तर आपण बहुतांश लिम्फोसाइट मोजत आहोत. उलट बाजूची चूकही होते. सीडीएच-१ म्हणजे ई-कॅडहेरिनचे जनुक, पेशींना पेशींशी बांधून ठेवणारे. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून त्याचा आनुवंशिक पसरट जठरकर्करोगाशी संबंध सिद्ध झाला. पसरट गाठींत तंतुमय ऊतक खूप असते, कर्कपेशी विखुरलेल्या. त्यामुळे अस्तरातल्या पेशींचे कुठलेही जनुक तिथे ‘कमी’ दिसते. सीडीएच-१ खरोखर दाबले गेले आहे की कर्कपेशीच कमी आल्या आहेत, हे पाहायला तेच काम एपकॅम या अस्तर-पेशींच्या दुसऱ्या जनुकावर करून पाहावे. दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरली तर नमुना पातळ झाला आहे एवढेच कळले.

आणखी एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण ‘सक्रिय जनुक म्हणजे चांगले आयुर्मान’ हे समीकरण डोक्यात घट्ट बसलेले असते. एमएलएच-१ हे डीएनएच्या चुका दुरुस्त करणारे जनुक. ते बंद पडले की चुका साठतात आणि कर्करोग होतो, म्हणजे ते रक्षकच. टीसीजीएच्या २०१४ सालच्या अभ्यासात २९५ गाठींपैकी सुमारे २२ टक्के अशा चुका साठलेल्या, म्हणजे एमएसआय गटातल्या होत्या, आणि त्यांच्यात एमएलएच-१ बंद पडलेले असणे हे ठळक लक्षण होते. पण एकदा कर्करोग झाल्यावर याच गटाचे रुग्ण सर्वांत जास्त जगतात, असे कोरियाच्या त्याच ३०० रुग्णांच्या २०१५ सालच्या अभ्यासात दिसले. त्यांच्या गाठींत बदललेली प्रथिने इतकी असतात की प्रतिकारशक्तीला त्या सहज ओळखू येतात. म्हणजे केएम प्लॉटरवर एमएलएच-१ कमी असलेले रुग्ण जास्त जगताना दिसले, तर त्यावरून ते जनुक कर्करोग वाढवते असे लिहिणे साफ चूक ठरेल. कर्करोग होऊ न देणे आणि झालेल्याची वाढ मंदावणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आयुर्मानाचा आलेख यातल्या एकाबद्दलही थेट बोलत नाही.

मिथिलेशनसाठी, म्हणजे मिथाइल गट किती बसले आहेत ते पाहण्यासाठी, दोन्हींपैकी एकही साधन पुरत नाही. अलाबामा विद्यापीठाचे युअलकॅन हे संकेतस्थळ घ्यावे. तिथे प्रमोटरचे बीटा-मूल्य शून्य ते एक या पट्टीवर येते. ०.५ ते ०.७ च्या पट्ट्यात मिथिलेशन जास्त आणि ०.२५ ते ०.३ च्या पट्ट्यात कमी, असा त्यांचा संकेत. गाठ ०.१२ आणि निरोगी ०.०८ असा फरक ‘अर्थपूर्ण’ म्हणून चिन्हांकित झाला तरी तो जनुक बंद पाडण्याइतका नाही. उत्परिवर्तनासाठी आणि टीसीजीएच्या चार उपप्रकारांनुसार पाहण्यासाठी सीबायोपोर्टल हे संकेतस्थळ. कोणत्या पेशीत प्रथिन रंगले आहे ते ह्युमन प्रोटीन अॅटलासच्या स्लाइडवर डोळ्यांनी पाहता येते, आणि रंक्स-३ सारख्या जनुकासाठी ते पान उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत्यक्ष पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो : जनुक गप्प असलेल्या पेशीमालिकेत ते परत चालू करायचे, किंवा डेसिटाबिन या औषधाने मिथाइल गट उतरवायचे, आणि वाढ मंदावते का ते मोजायचे. डेसिटाबिन एकाच जनुकापुरते काम करत नाही, ते शेकडो जनुके जागी करते. म्हणून ते दिल्यावर आपले जनुक सायआरएनएने (ठरावीक जनुक गप्प करणाऱ्या आरएनए-तुकड्याने) पुन्हा दाबून पाहिले नाही तर प्रयोग अपुरा राहतो. पेशीमालिका निवडताना एमकेएन-२८ टाळावी. ती प्रत्यक्षात एमकेएन-७४ असल्याचे सिद्ध झाले आहे, तरी जुन्या फ्रीजरांमधून ती अजून फिरते. एसटीआर प्रोफाइल (पेशीमालिकेची डीएनए-ओळख) केल्याशिवाय कुठलीही मालिका वापरू नये.

दोन्हींपैकी कोणते घ्यावे? आयुर्मानासाठी केएम प्लॉटर, कारण वेगवेगळे देश आणि वेगवेगळे संच एकेक करून तपासता येतात. गेपियात आयुर्मान फक्त टीसीजीएच्या रुग्णांवर मिळते. गाठ विरुद्ध निरोगी आणि जनुकांचे परस्परसंबंध यांसाठी गेपिया. दोन्हींत भारतीय रुग्णांचा स्वतंत्र संच नाही. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याने इथला आकडा ‘भारतीय रुग्णांत’ असे म्हणून प्रबंधात घालू नये. एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाने आपल्या माणसाच्या तपासणी-अहवालातले जनुक इथे टाकून आयुष्याचा अंदाज काढू नये, त्यासाठी ही साधने बनवलेलीच नाहीत. उपचार ठरतात ते हर-२, एमएसआय, पीडी-एल१, क्लॉडिन १८.२ अशा रुग्णाच्या स्वतःच्या गाठीवर केलेल्या चाचण्यांवर.

प्रबंधात किंवा निबंधात निकाल देताना किमान एवढे लिहावे : संकेतस्थळ आणि उघडल्याची तारीख, कारण माहितीसाठे वाढत राहतात आणि तोच आलेख वर्षभराने वेगळा येतो, प्रोबचा क्रमांक, कोणते संच घेतले आणि कोणते वगळले, कटऑफची पद्धत आणि प्रत्यक्ष मूल्य, दोन्ही गटांतली रुग्णसंख्या, हॅझार्ड रेशो त्याच्या ९५ टक्के मर्यादांसह, पी-मूल्य, आणि ‘बेस्ट कटऑफ’ वापरला असेल तर एफडीआर. केएम प्लॉटरवरून आलेखामागची माहिती मजकूर-फाइलमध्ये उतरवून घेता येते. ती फाइल जपून ठेवावी, कारण परीक्षकाने वय आणि टप्पा धरून कॉक्स विश्लेषण मागितले तर फक्त चित्रावरून ते करता येत नाही.